गरोदरपणी टीएसएच तळाला गेला, तर आधी गळ्याला हात लावून बघा

सर्दी-ताप होऊन गेला की तो विषय संपला असं आपण धरतो. मग दोनेक आठवड्यांनी, कधी दीड-दोन महिन्यांनी, मानेच्या पुढच्या बाजूला कंठाच्या खाली दुखायला लागतं. दुखणं जबड्यात चढतं, कानात ठणकतं, आवंढा गिळताना कळ मारते, संध्याकाळी अंगात कणकण भरते. महिन्यापूर्वीचा ताप तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. घरात कुणी टॉन्सिल म्हणतं, कुणी गालगुंड, कुणी अक्कलदाढ. आमच्या सांगलीत हळदीला तोटा नाही, त्यामुळे पहिला उपाय म्हणजे गळ्याला गरम हळदीचा लेप. बाई गरोदर असली तर धडधड, घाम आणि थकवा सगळं पोटातल्या बाळाच्या खात्यावर मांडलं जातं आणि दुखणं अंगावर काढलं जातं.

या दुखण्याला सबअॅक्यूट थायरॉयडायटिस म्हणतात. विषाणूचा संसर्ग होऊन गेल्यानंतर थायरॉईड ग्रंथीला येणारी ही सूज. फ्रिट्झ द केर्व्हँ या स्विस सर्जनने १९०४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावानेही ती ओळखली जाते. फ्लू, गालगुंड, कॉक्सॅकी, अॅडिनो अशा बऱ्याच विषाणूंच्या मागून ती आलेली दिसते. कोविडनंतरचा पहिला रुग्ण २०२० मध्ये इटलीतून नोंदवला गेला आणि मग जगभरातून तशा नोंदी आल्या. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार कितीतरी पट जास्त, तोही बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. गरोदरपणात मात्र तो विरळा. विरळा असल्यामुळेच ओळखायचा राहतो, आणि ओळखायचा राहिला की चुकीची गोळी सुरू व्हायची भीती असते. ती गोळी टळावी म्हणून हा लेख आहे.

मी डॉक्टर नाही, लॅबवाली आहे. औषध लिहून देणं माझं काम नाही. पण रक्ताची नळी आणि रिपोर्टचा कागद यांच्या मधे काय घडतं ते रोज डोळ्यांसमोर असतं. तेवढं समजलं तरी डॉक्टरांना काय विचारायचं ते नीट सुचतं.

कागदाला माहीत नसतं की तुम्ही गरोदर आहात

टीएसएच हे थायरॉईडचं हॉर्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते, आणि त्याच्या जोरावर थायरॉईड आपलं हॉर्मोन, म्हणजे मुख्यतः टी-फोर, बनवते. रक्तात टी-फोर जास्त झालं की पिट्युटरी हात आखडते आणि टीएसएच खाली जातो. टी-फोर कमी पडलं की टीएसएच वर जातो. म्हणजे आकडा उलटा वाचायचा. टीएसएच ९ आला तर ग्रंथी मंद आहे, ०.०२ आला तर रक्तात हॉर्मोन गरजेपेक्षा जास्त आहे.

लॅबच्या कागदावर आकड्यासमोर ‘०.४ ते ४.५’ अशी काहीतरी हद्द छापलेली असते. ही हद्द गरोदर नसलेल्या माणसाची. मशीनला काही सांगितलं नाही तर ते सगळ्यांना याच मापाने मोजतं आणि कमी आकड्यापुढे ठळक खूण करतं. ती खूण बघून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. म्हणून रक्त देताना फॉर्मवर ‘गरोदर, इतके आठवडे’ असं लिहायला सांगा. टेबलावरची मुलगी विसरली तर तुम्ही आठवण करा. तालुक्याच्या गावाहून नमुना सांगली-मिरजेला जातो, काही तपासण्या तिथूनही पुढे पुण्या-मुंबईला जातात. या प्रवासात नळीवर नाव आणि वय टिकतं, आठवडे टिकत नाहीत.

आठवडे का महत्त्वाचे? प्रेग्नन्सी किटवर ज्याच्यामुळे दोन रेघा येतात ते एचसीजी आणि टीएसएच या दोन हॉर्मोनांचा निम्मा भाग हुबेहूब सारखा आहे. त्यामुळे एचसीजीसुद्धा थायरॉईडला कामाला लावतं. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या आसपास एचसीजी सर्वांत जास्त असतं, आणि नेमक्या त्याच काळात टीएसएच खाली घसरतो. अकराव्या आठवड्यापर्यंत शंभरातल्या पाचेक बायकांचा टीएसएच ०.१ च्याही खाली जातो. त्यांना काही आजार असतोच असं नाही. जुळं असेल, उलट्या फार होत असतील तर हे जास्त दिसतं. कधीकधी टी-फोरही वाढतं, जीव घाबरा होतो, वजन उतरतं. पण एचसीजी ओसरलं की चौदा ते अठरा आठवड्यांत बहुतेकींचं आपोआप जागेवर येतं. द्राक्षगर्भ, म्हणजे बाळाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे फोड वाढणारा सदोष गर्भ नाही ना, एवढं सोनोग्राफीत बघून घेतात. बाकी सलाईन, उलटीची गोळी आणि धीर.

ताप स्वतःही हा आकडा हलवतो. डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा जोराचा फ्लू अंगात असताना ग्रंथी ठणठणीत असूनही टीएसएच खाली जाऊ शकतो, आणि बरं होताना काही दिवस वरही उसळतो. त्यामुळे भर तापात काढलेला थायरॉईडचा रिपोर्ट हा पक्का रिपोर्ट नव्हे. आणखी एक भानगड केसांच्या गोळ्यांची. त्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि बऱ्याच मशीनच्या पद्धतीत ते ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटंच जास्त दिसतं. केस गळतात म्हणून मैत्रिणीने दिलेली गोळी चालू असेल तर सांगा, ती थांबवून दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त द्या. ही गोष्ट न विचारता कुणी सांगत नाही, कारण ती औषध वाटतच नाही.

भिंत पडली की कारखाना चालू आहे?

आता मूळ मुद्दा. टीएसएच खरोखरच तळाला गेलाय, टी-फोर वाढलंय, बाई तीन-चार महिन्यांची गरोदर आहे, महिन्यापूर्वी ताप येऊन गेलाय. हे जास्तीचं हॉर्मोन आलं कुठून?

थायरॉईड तयार माल साठवून ठेवते, दोन-तीन महिने पुरेल इतका. आपल्याकडच्या माणसाला हे साखर कारखान्यावरून लगेच कळेल. समजा गळीत हंगाम संपलाय, बॉयलर थंड आहे आणि गोदामाची भिंत पडून पोती रस्त्यावर आली. लांबून बघणाऱ्याला एवढी साखर दिसली की वाटेल, कारखाना दिवसरात्र चालू आहे. सबअॅक्यूट थायरॉयडायटिसमध्ये हेच होतं. सुजेमुळे ग्रंथीतल्या साठ्याच्या भिंती फुटतात आणि साठवलेलं हॉर्मोन रक्तात सांडतं. नवीन काही बनत नसतं. याउलट ग्रेव्हज नावाच्या आजारात कारखाना खरोखरच तीन पाळ्यांत चालू असतो. शरीराने स्वतःच बनवलेल्या प्रतिद्रव्यांनी ग्रंथीला सतत पेटतं ठेवलेलं असतं.

कार्बिमाझोल, पीटीयू ही औषधं गाळप थांबवणारी. ग्रेव्हजमध्ये ती लागतात. भिंत पडली असेल तर गाळप थांबवून काय मिळणार? फायदा शून्य, आणि गरोदरपणात त्यांचा धोका मात्र शिल्लक. पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोलमुळे बाळाच्या डोक्यावरची कातडी नीट न बनणं, नाकाची वाट बंद राहणं अशी व्यंगं होऊ शकतात. म्हणून गरजच पडली तर त्या काळात पीटीयू देतात, पण ते आईच्या यकृताला त्रास देऊ शकतं. ग्रेव्हज असलेल्या बाईला हा धोका पत्करावा लागतो, कारण आजार मोकाट सोडणं त्याहून वाईट. ज्या बाईची नुसती भिंत पडली आहे तिने तो का पत्करावा?

तर ओळखायचं कसं. एरवी डॉक्टर आयोडीनचा स्कॅन करतात: किरणोत्सारी आयोडीनचा थोडा डोस देऊन ग्रंथी ते ओढून घेते का हे बघायचं. चालू कारखाना भराभर ओढतो, बंद कारखाना ओढत नाही. प्रश्न लगेच सुटतो. पण गरोदर बाईला हा स्कॅन करायचाच नसतो, कारण दहा-बारा आठवड्यांनंतर बाळाची चिमुकली थायरॉईडही आयोडीन ओढायला लागते. त्यामुळे सगळी भिस्त जुन्या पद्धतीवर: विचारणं, बघणं आणि हात लावणं.

सर्वांत मोठा पुरावा हाताखाली मिळतो. या सुजेत ग्रंथी टणक लागते आणि नुसत्या बोटाच्या स्पर्शाने बाई मान मागे ओढते. साडीचा पदर किंवा मंगळसूत्र गळ्याला लागलेलं सहन होत नाही. पुष्कळदा दुखणं एका बाजूला सुरू होतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दुसऱ्या बाजूला सरकतं. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी मोठी असते, पण दुखत नाही. डोळे बटबटीत दिसू शकतात, आणि त्रास बहुधा दिवस जायच्या आधीपासूनचा असतो. एचसीजीच्या प्रकारात गळा जवळपास नेहमीसारखाच, उलट्या मात्र बेसुमार. तपासताना डॉक्टरांनी गळ्याला हात लावला नाही तर ‘इथे दुखतंय’ म्हणून आपण बोट ठेवून दाखवावं. त्यात संकोच कसला?

रक्तात मदत करणारी तपासणी म्हणजे ईएसआर. उभ्या काचेच्या नळीत रक्त भरून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. या आजारात त्या झरझर खाली बसतात. पन्नासच्या पुढे आकडा नेहमीचा, कधी शंभरही. पण इथे गरोदरपण पुन्हा आडवं येतं. काही आजार नसताना गरोदर बाईचा ईएसआर चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो, शेवटच्या महिन्यांत सत्तरपर्यंत, आणि रक्त कमी असेल तर त्याहून वर. हिमोग्लोबिन ९ असलेल्या सातव्या महिन्याच्या बाईचा ईएसआर ८० आला तर त्यावरून मी तरी काही बोलणार नाही. सीआरपी ही सुजेची दुसरी रक्ततपासणी त्यापेक्षा बरं सांगते. गळ्याची सोनोग्राफी गरोदरपणात बिनधास्त करता येते. सुजलेल्या ग्रंथीत काळपट, कडा अस्पष्ट असलेले डाग दिसतात आणि रक्तप्रवाह कमी असतो, ग्रेव्हजमध्ये तो उफाळलेला असतो. शंका उरलीच तर ‘ट्रॅब’ नावाची प्रतिद्रव्यांची तपासणी. महाग आहे, रिपोर्टला वेळ लागतो, पण चुकीच्या गोळीपेक्षा स्वस्त.

दुखणं कमी करायचं ते कशाने

गरोदर नसलेल्या माणसाला इथे ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी आराम पडतो. गरोदर बाईने त्या मनाने घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या किडनीवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, आणि तिसाव्याच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायचा धोका असतो. मेडिकलमध्ये ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की मिळणाऱ्या जोडगोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन (म्हणजे ब्रुफेनच) नाहीतर त्याच जातीचं डायक्लोफिनॅक असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. रक्तदाबाच्या भीतीने डॉक्टरांनी लिहून दिलेली कमी डोसची अॅस्पिरिन हा वेगळा विषय आहे. ती हे वाचून बंद करू नका.

साधं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल. त्याने भागत नसेल तर प्रेडनिसोलोन. स्टेरॉईड म्हटलं की सासरची आणि माहेरची दोन्ही माणसं हबकतात. पण वार, म्हणजे आई आणि बाळ यांना जोडणारी प्लासेंटा, इथे बाळाची राखणदार आहे. वारेतलं एक एन्झाइम प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग निष्क्रिय करतं आणि बाळापर्यंत साधारण दहावा हिस्सा पोचतो. आराम इतका पटकन पडतो की एक-दोन दिवसांत दुखणं थांबणं ही निदानाची खूणच मानतात. घोटाळा पुढे होतो. बरं वाटलं म्हणून बाई चौथ्या दिवशी गोळी सोडते आणि दुखणं दुपटीने उलटतं. ही गोळी काही आठवडे हळूहळू उतरवत न्यायची असते, आणि चालू असेतोवर साखर तपासत राहायची असते, कारण गरोदरपणातला मधुमेह ती वर काढू शकते. धडधड फार असेल तर थोड्या दिवसांसाठी प्रोप्रानोलॉल देतात. नाडी बसल्याजागी १२० च्या पुढे, दम लागतोय, ताप चढतोय, पाणीही पोटात ठरत नाही, अशी अवस्था असेल तर उद्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मिरज-सांगलीचं सरकारी रुग्णालय असो, साताऱ्याचं सिव्हिल असो की कराडचं मोठं हॉस्पिटल, फिजिशियन आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकाच आवारात असतील तिथे जावं.

साठा संपल्यावर

लोक ज्या टप्प्याला घाबरतात तो हा सांडण्याचा टप्पा. मला काळजी त्याच्या पुढच्याची वाटते.

सांडायचं ते सांडून झालं, गळ्याचं दुखणं थांबलं, बाई खूश. पण गोदाम रिकामं आणि कारखाना अजून दुरुस्तीत. दीड-दोन महिन्यांनी टी-फोर कमी पडायला लागतं आणि टीएसएच वर चढतो. कालचा ०.०२ आज १५ होतो. हा मंद टप्पा काही आठवडे ते काही महिने चालतो आणि मग बहुतेकींची ग्रंथी पूर्ववत होते. शंभरातल्या पाच ते पंधरा जणींची होत नाही, त्यांना गोळी कायमची लागते.

गरोदर नसताना हा टप्पा नुसता बघत बसला तरी चालून जातं. गरोदरपणात नाही. बाळाची थायरॉईड अठरा-वीस आठवड्यांपर्यंत स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं टी-फोर आईच्या रक्तातून येतं. आईची स्वतःची गरजही या काळात जवळपास दीडपट झालेली असते. आईत उघड कमतरता राहिली तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजन, वाढलेला रक्तदाब आणि बाळाच्या बुद्धीवर परिणाम, असे सगळे धोके वाढतात. म्हणून दुखणं थांबल्यानंतरही दर चार आठवड्यांनी टीएसएच आणि टी-फोर करत राहायचं. ‘आता बरं आहे, कशाला उगाच सुई’ म्हणून नेमकी हीच तपासणी चुकवली जाते.

दुसऱ्या टोकाला जायचंही कारण नाही. टीएसएच ३.४ आला म्हणून झोप उडालेल्या बायकाही येतात. आपल्याकडच्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये वरची हद्द पहिल्या तिमाहीला २.५ आणि पुढे ३ धरली आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१७ मध्ये आपली हद्द ४ च्या आसपास सैल केली. दोन डॉक्टरांनी त्याच आकड्यावर दोन वेगळे सल्ले दिले तर त्यामागे बहुतेक हेच असतं. किंचित वाढलेल्या टीएसएचवर उपचार केल्याने मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडतो का, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी पाहिलं. त्यांचे निकाल २०१२ आणि २०१७ मध्ये आले, आणि फरक दिसला नाही. दहाच्या पुढचा आकडा मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे घोळ घालायचा नाही.

गोळी आहे लिव्होथायरॉक्सिन. ती म्हणजे टी-फोरच, बाहेरून दिलेलं. बाळाला तिचा धोका नाही. धोका आहे आपल्या स्वयंपाकघरातल्या वेळापत्रकाचा. चौथ्या महिन्यापासून आशाताई लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम आणून देतात. या दोन्ही गोळ्या थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडकवून ठेवतात. सकाळी चहाबरोबर तिन्ही गोळ्या एकदम गिळणाऱ्या बाईचा टीएसएच उतरत नाही, मग डोस वाढतो आणि तरी उतरत नाही. जमेल अशी वाटणी सांगते. पहाटे उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाची गोळी मधे चारच्या सुमारास, लिंबू-पाण्याबरोबर, कारण चारच्या चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी लागत नाही. आयोडीनसाठी वेगळं काही शोधू नका. घरातलं आयोडीनयुक्त मीठ डब्यात झाकून ठेवा आणि गरोदरपणाच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये आयोडीन आहे का ते डॉक्टरांना विचारा. ‘थायरॉईड सपोर्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या समुद्री शेवाळाच्या पावडरीत ते बेहिशेबी असतं, तिच्या वाटेला जाऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. चार आठवड्यांची फेरी तिला जोडून घेतली तर लक्षात राहते. कार्डावर ‘तापानंतर थायरॉईडची सूज, अमुक महिन्यात’ एवढं ठळक लिहून घ्या. ओटीभरणानंतर माहेरी गेलेली बाई तिकडच्या डॉक्टरांना हे तोंडी सांगेल, याचा भरवसा नाही.

बाळंतपणानंतर डोस पुन्हा ठरवावा लागतो, कारण दीडपट गरज एकदम उतरते. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईडला न दुखणारी एक वेगळी सूजही येऊ शकते. अंगावर दूध पाजणाऱ्या आईला लिव्होथायरॉक्सिन चालतं. बाळाचं टीएसएच जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्त घेऊन बघता येतं. सगळीकडे आपणहून करत नाहीत, मागावं लागतं. आईची तपासणी सहा आठवड्यांनी. त्याच सुमारास बाळाची दीड महिन्याची लस असते, तेव्हा त्याच फेरीत आईचंही रक्त देऊन टाकावं.